बार्बेराचं तीर्थ

सासऱ्यांना वाइन चाखायला नेऊ नका, एवढंच सांगतो.

आम्ही तेव्हा जर्मनीत ब्योब्लिंगेनला होतो आणि सासरे आमच्याकडे राहायला आले होते. बॉसच्या घरी इटलीतल्या पिडमाँटचा एक वाइनवाला पाहुण्यांना वाइन चाखवायला आला होता. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवणं बॉसच्या हातात, म्हणून सासऱ्यांना आधीच बजावलं, "अहो नाना, तिथं नाही म्हणू नका हं."

वाइनवाला म्हणाला, "ही बार्बेरा, आमची लाल वाइन. हिच्याबरोबर सलामी, म्हणजे मसालेदार सॉसेजच्या चकत्या खाव्यात."

जन्मात दारूला न शिवलेल्या नानांनी ग्लास बाजूला सारला, बूट काढले आणि तीर्थ घेतात तसा उजवा तळवा पुढे केला. वाइनवाल्यानं बिचाऱ्यानं त्यात ओतली. नानांनी ती पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवला.

"हे काय?" बॉसनं विचारलं.

घाबरून मी म्हणालो, "आमच्याकडे वाइन अशीच चाखतात."

"गेनाऊ! अगदी बरोबर! ग्लासाचा वास मध्ये येत नाही!" म्हणत बॉसनंही बूट काढले. मग सगळेच रांगेत. पुढच्या वाइनची, नेब्बिओलोची बाटली उघडेपर्यंत तीन टकलं लाल झाली होती आणि नाना प्रत्येकाच्या हातावर खिशातली खडीसाखर ठेवत होते.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. पुढच्या वर्षी वाइनवाल्याचा कॅटलॉग आला. बार्बेराखाली छापलं होतं: सलामी, जुनं चीज, खडीसाखर.

नाना मात्र आजही शपथेवर सांगतात, आपण दारूला कधी शिवलो नाही.