वॉर्डनबाई निर्मळला आल्या होत्या

वसईच्या स्टँडवर निर्मळच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी उभी होती.

“मम्मी, मी होस्टेलला परत जाणार नाही. तिथे माझं कोणी नाही.”

“ब्रेंडा, पुण्याला पहिल्या वर्षी मलाही असंच वाटायचं. त्यातच माझे पप्पा वारले.”

“मग?”

“आमच्या वॉर्डन सबनीसबाई मला घेऊन पार निर्मळला आल्या. मयताला थांबल्या, आईजवळ बसल्या. निघताना आईला म्हणाल्या, ‘पोरीला परत नेते, शिकू दे तिला.’”

“आणि तू गेलीस?”

“गेले. पुढे कितीतरी दिवस त्या मला स्वतःशेजारी जेवायला बसवायच्या. अजून फोन केला की आधी विचारतात, ‘रेजिना, जेवलीस का?’”

“आमच्याकडे अशा बाई नाहीत गं. समुपदेशक मॅडम आहेत, ऑफिसशेजारच्या खोलीत बसतात.”

“गेलीस कधी त्यांच्याकडे?”

“जाऊन काय सांगू? रडू येतं म्हणून?”

“तेवढंच सांग. मला तर तेवढंही बोलता आलं नव्हतं.”

मुलगी आईकडे वळली.

“सोमवारी मला सोडायला येशील?”

“येईन की.”

“त्या खोलीपर्यंत ये. आत मी एकटी जाईन.”