पूजाच्या लग्नातलं कबूतर

लग्नात कबुतरं सोडायचं म्हणताय ना, मग आमच्या पूजाच्या लग्नात काय झालं ते आधी ऐका.

मंगलाष्टकं संपली, जोंधळ्याच्या अक्षता पडल्या, हार घालून झाले. मग कबुतरवाल्या चाचांनी नवरानवरीच्या हातात एकेक पांढरं कबूतर दिलं. जावईबापूंचं भुर्रकन उडून गेलं. पूजानं हात उघडले, तर तिचं तिच्या पायाशीच उतरलं. तिनं दोनदा उचलून सोडलं, दोनदा ते खालीच आलं.

जावयाची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लक्षण काय बरं न्हाय. पोरगी नांदायची न्हाय."

विहीणबाई नुसत्या खाली बघत होत्या. पहिल्याच दिवशी सासूच्या मनात हे बसलं, तर माझ्या लेकीचं कसं व्हायचं?

मी कबुतरवाल्या चाचांना हळूच म्हटलं, "उडवा की ओ त्याला."

"कैसे उडेगा, भाभी? घराकडं परत यावं म्हणून सकाळपासून उपाशी ठेवलंय. आन् तुमी खाली जोंधळा टाकलाय."

तेवढ्यात विहीणबाई वाकल्या, कबुतराकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "वन्सं, उडून गेलं ते आपल्या पोराचं. हिचं तर दाणे टिपत हितंच बसलंय की. मग नांदणार कोण?"

आत्याबाईंनी भाच्याकडं बघितलं. तो बिचारा अजून आभाळातच बघत होता.