पुंडलिकची सहा बाय चार फूट जमीन

अध्यक्ष नानासाहेब, कमलावहिनी, आणि जमलेल्या मंडळींनो,

बालमित्राच्या शोकसभेत बोलणं अवघड असतंच. माझ्या आधीच्या चार भाषणांनी ते आणखी अवघड करून ठेवलं.

चौघांनी सांगितलं, पुंडलिक थोर कलावंत होता. गावाचं नाव त्यानं दूरवर नेलं. नानासाहेब तर म्हणाले, "त्याची कला मी जवळून पाह्यली." किती जवळून, नानासाहेब? रस्त्यावरून? त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं पाऊल कधी पडलं नाही. तो काय बनवायचा, हे या मांडवात कोण सांगेल? करा हात वर.

राहू द्या. मीच सांगतो.

पुण्याकडे एक खेळ खेळतात. अंगठ्याएवढे सैनिक, हातानं रंगवलेले. ते टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, फूटपट्टीनं मोजून एकेक चाल करायची. शिकलीसवरली, कामधंद्याची माणसं खेळतात. त्या सैनिकांच्या पायाखाली जमीन लागते. टेकडी लागते, नाला लागतो, कुंपण लागतं. ती जमीन पुंडलिक बनवायचा. जाड कॅनव्हासवर. सतरंजीसारखी गुंडाळून पाठवता येईल अशी.

त्याआधी तो पाट्या रंगवायचा. तुमच्या दुकानांवर, तुमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर त्याचीच अक्षरं होती. काय अक्षर होतं! मग फ्लेक्स आलं आणि तुम्ही त्याचा ब्रश विसरलात. आज त्याला श्रद्धांजली वाहणारा बोर्डसुद्धा फ्लेक्सचा. त्यावर पुंडलिकपेक्षा नानासाहेबांचा फोटो मोठा. हसू नका. हसण्यासारखं नाही ते.

पुण्याला असलेल्या पुतण्यानं, निखिलनं, त्याला या कामाला लावलं. "काका, मले एक मैदान बनवून दे." पुंडलिकनं वावरातली काळी माती आणली आणि वहिनींच्या गव्हाच्या चाळणीनं चाळली. वहिनी ओरडल्या, "माती काऊन चाळून राह्यले? पोया करता काय तिच्या?" त्यानं ती रंगात आणि भिंतीच्या भेगा बुजवायच्या लुकणात कालवली, पत्र्याच्या तुकड्यानं कापडावर पसरली, उन्हात सुकवली. शेगावला जाऊन पार्सल स्वतः गाडीत चढवून आला.

श्रावणात निखिलचा फोन. "काका, रणांगण उगवलं! कोपऱ्यात तन निंघालं!"

माती भाजायची राहिली होती, मंडळी. हे काम करणारे दुसरे लोक माती आधी भाजून घेतात, त्यातलं बी मरावं म्हणून. पण शेतकऱ्याच्या पोराला ते सुचणार कसं? आपण जन्मभर बी जगावं म्हणून मातीला हात लावतो. ते मरावं म्हणून माती तव्यावर टाकायची, हे आपल्या सात पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं नसेल. पुण्याच्या त्या पोरांनी ते तण उपटलं नाही. त्यांनी त्याला जंगल मानलं. त्यातून जाणाऱ्या सैनिकाची चाल निम्मी.

आणि आपण काय केलं? पुंडलिक तव्यावर माती भाजू लागला, तसं आपण त्याला 'मातीभाज्या' म्हणू लागलो. ते नाव कोणी ठेवलं? मी. चहाच्या टपरीवर, पाच जणांसमोर. तुम्ही हसलात. तोही हसला, आणि हसत टपरीवाल्याकडं चहाचा चोथा मागितला. वाळवलेला चोथा त्याच्या जमिनीवर पानगळ व्हायचा. तुम्ही त्यावरही हसलात. "म्हातारपनी भातुकली खेयते," असं म्हणणारे या मांडवात पहिल्या ओळीत बसलेत. आता डोळे पुसताहेत. पुसा. रुमाल तरी कामी येईल.

मला कवितेचं वेड. शाळेत आम्ही एका बाकावर. गुरुजी कविता म्हणायला लावत आणि मी डोळे मिटून म्हणायचो. हिरवी कुरणं, झुळझुळ झरे, डोलणारी फुलं. अजूनही डोळे मिटले की ती चाल कानात येते, खडूचा वास येतो. पुंडलिक खिडकीबाहेर बघत बसायचा. एकदा गुरुजींनी विचारलं, "काय पाहून राह्यला बे?"

"गुर्जी, कुरन कुठी आहे ते पाहून राह्यलो. बाहेर तं पराटी हाय."

छड्या खाल्ल्या त्यानं. मी हसलो. आणि साठ वर्षं त्या पुस्तकातल्या कुरणातच राहिलो, मंडळी. भेगाळलेली काळी जमीन, पिवळं पडलेलं गवत, कोरडा नाला, हे सगळं मला कवितेच्या लायकीचं वाटलंच नाही. पुंडलिकनं तेच कापडावर उतरवलं. कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांची झाडं, तुराट्यांचं कुंपण. भेगा तर अशा, की बोट घालावंसं वाटे. तो खेळ खेळणारे आधी त्याच्याकडं हिरवी मैदानं मागायचे. एकदा त्यानं ही काळी जमीन पाठवली. मग तीच मागू लागले.

शेवटचं मैदान तो आपल्या शाळेमागच्या शिवाराचं करत होता. सहा बाय चार फूट. मागच्या आठवड्यात मी शेडमध्ये गेलो. हो, मीही इतक्या वर्षांत तिसऱ्यांदाच गेलो. म्हणाला, "पाह्य बे, कसं झालं. पन एक ध्यानात ठेव. हे भिंतीवर टांगू देऊ नको. ह्याच्यावर खेयलं पाह्यजे कोनी."

आणि आत्ता अर्ध्या तासापूर्वी नानासाहेबांनी काय जाहीर केलं? ते मैदान काचेच्या चौकटीत बसवून सभागृहात लावणार. खाली पितळी पट्टीवर मान्यवरांची नावं. टाळ्या वाजवल्यात तुम्ही. शोकसभेत टाळ्या!

काचेत? जमीन काचेत घालता? शेजाऱ्यानं एक हंगाम वावर पडीत ठेवलं तर पारावर बसून त्याची लाज काढणारी माणसं तुम्ही. आणि पुंडलिकची जमीन कायमची पडीत ठेवायला निघालात? कशासाठी? तुमची नावं टिकावीत म्हणून.

मागच्या ओळीत तीन जण बसलेत. सकाळपासून तुम्ही कुजबुजताय, "हे कोन होय?" दाढीवाला तो निखिल. त्याच्याजवळ त्याचे दोन सोबती. त्या उगवलेल्या मैदानावर खेळलेली माणसं आहेत ती. पुण्याहून आलीत. पुंडलिकच्या जमिनीवर वावरलेले या मांडवात तेवढेच.

मी म्हणतो, मैदान त्यांना द्या. नानासाहेब, बसा. मी तुम्हाला विचारत नाही. कमलावहिनी, तुम्ही सांगा.

मागच्यांना ऐकू आलं? वहिनी म्हणतात, "न्या. पन नाल्याचा कोपरा त्याहिच्या हातून व्हायचा राह्यला. तिथं कोनी हात लावू नका."

बस. झालं माझं.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं. तो जिवंत असताना त्याच्याबद्दल जे बोलायचं ते आपण बोलून घेतलं, मी सगळ्यांत जास्त. आता तोंडं बंद. ए पाटील, तो मोबाइल ठेव खिशात.

निखिल, तुम्ही तिघं उभे नका राहू. मौन आमचं आहे. तुम्ही शेडमध्ये जा आणि मैदान गुंडाळा.