उस्तादच्या नावावर खपवलेला टर्बो

माहं गाव देऊळघाट, बुलढान्याच्या जवळच. आमी बौद्ध, माहं नाव सिद्धार्थ. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, माय बी मजुरीलेच जाये. मी दहावीत गनितात पडलो तवा बाप दुसऱ्या दिवशी मले संगं घेऊन बुलढान्याले आला, चिखली रोडवर उस्तादच्या गॅरेजात उभं केलं आन म्हने, याचं डोकं चालत नाई पन हात चालतात, ठेवून घ्या. उस्ताद मुसलमान, आमच्याच गावचा. त्यानं माह्या हाताकडं पाह्यलं, म्हने उद्या आठले ये. त्याले बावीस वर्षं होऊन राह्यली. उस्तादले पोरगा नाई, पोरी आपापल्या घरी सुखात हायेत, म्हनून गॅरेज त्यानं माह्याच नावावर करून देल्लं. ईदले, बिनईदले, त्याच्या ताटात मी इतका जेवलो हाय, काय सांगू तुमाले, सख्ख्या बापाच्या ताटात तेवढा जेवलो नसन.

आमच्या गॅरेजची एक रीत होती. कोनता बी पार्ट असो, साधी बेअरिंग का असंना, गाडीत बसवायच्या आधी उस्तादच्या हातात द्याचा. तो चष्मा कपाळावर चढवे, पार्ट तळहातावर तोले, बोटानं फिरवे, कानापाशी नेऊन आवाज ऐके, आन मंग म्हने, लाव. लाव म्हनल्याबिगर आमी पान्याले हात लावत नसो. गिऱ्हाइकाले माहीत, समोरच्या चहावाल्याले माहीत, सगळ्या रोडले माहीत. नमाजले गेला असन तर गिऱ्हाईक बसून राहे. लोकं हसत, पन बसत.

तर चिखलीचा पवनभाऊ आमचं जुनं गिऱ्हाईक. बापाचं कृषी केंद्र हाय, पोरगा सोभावानं चांगला, पन गाडीचा भारी शौक. डिझेलची गाडी, खाली बसवलेली, रुंद टायर, आन आता त्याले तिच्यात मोठा टर्बो टाकाचा होता. टर्बो म्हनजे काय, तर गोगलगायीसारखा लोखंडी डबा, इंजिनातून जो धूर भाईर जाते तो त्याच्यातलं पातं फिरवते, आन ते पातं इंजिनात जादा हवा कोंबते, मंग गाडी जोर धरते. मी दोन आनले. एक कंपनीच्या टर्बोपेक्षा जराकसा मोठा. दुसरा अकोल्याच्या भंगारातून आनला, एका मोठ्या पिकअपचा, तोंड असं की मूठ जाईन आत. दोन्ही टेबलावर मांडले. पवनभाऊची नजर मोठ्यावरून हटंना, आन खरं सांगतो, माही बी हटंना.

उस्तादनं टर्बोकडं पाह्यलंच नाई आधी. पवनले विचारलं, बेटा ही गाडी चालते कुठं. पवन म्हने रोडवरच चालते चाचा, आभाळात थोडीच चालते. घाटात जाते का? हाव, दर रविवारी, बहीन मलकापूरले देल्ली ना, राजूर घाटातूनच जा लागते. संगं कोन बसते? माय बसते कधी कधी. झालं, उस्तादनं लहाना टर्बो उचलला, बोट फिरवलं, म्हने हा लाव. मोठा नको. घाटात दुसऱ्या गेरात गाडी चढते तवा इंजिन हळू फिरते, धूर कमी भेटते, मोठा टर्बो झोपून राह्यते, तू पाय दाबशीन तरी झोपून राह्यते, आन जागा झाला की एकदम जागा होते, मंग वळन पाहत नाई का मानूस पाहत नाई.

मले हे समजत नव्हतं असं नाई. बावीस वर्षं डिझेलमधीच गेली. पन खामगावले एक नवं गॅरेज निंघालं होतं, ते मोबाईलवर व्हिडिओ टाकत, गाडी कशी पळते ते, आन आपल्या बी गॅरेजचा व्हिडिओ फिरावा असं मले वाटून राह्यलं होतं. आन दुसरं, लाज वाटते सांगाले, पन अडतीस वर्षाचा मानूस झालो, दोन लेकरांचा बाप, बोर्डावर नाव माहं, आन मी अजून लाव ऐकाची वाट पाहतो, हे मले टोचे. शुक्रवार होता. उस्ताद मशिदीत गेला, तिथून घरी जेवून संध्याकाळीच येनार होता. पवन म्हने सिद्धार्थभाऊ, तुमचं मत काय. मी मोठा उचलला.

उस्ताद आला तवर गाडी गेलती. व्हिडिओ बी झालता, सरळ रोडवर काढला, लय पळाली गाडी. तिसऱ्या रविवारी राजूर घाटात कापसाच्या टेम्पोले मागं टाकाले पवननं पाय दाबला, गाडी उचलंना, आनखी दाबला, आन बरोबर वळनावर सगळा जोर एकदम आला. पुढचे टायर घसरले, गाडी कठड्यावर. पवनच्या कपाळाले टाके. मायचा उजवा हात मनगटात मोडला, प्लेट टाका लागली. दरीत गेली नाई, एवढंच.

चार दिवसानं पवनचा बाप आला, संगं दोन मानसं. चाचानं मोठा नको म्हनलता हे पवननं घरी सांगितलंच नसन, मोठा त्यालेच पाह्यजे होता ना. उस्ताद स्टुलावर बसून बशीत चहा ओतून राह्यला होता. पवनच्या बापानं मलेच विचारलं, शांतपनानंच विचारलं, हा टर्बो कोनं पसंत केलता. तवा मी काय म्हनलो? मी उस्तादचं नाव घेतलं नाई. मी म्हनलो, काका, आमच्या हितं उस्तादनं लाव म्हनल्याबिगर काई लागत नाई, तुमाले तर माहीतच हाय. पाहा म्हनजे, खोटं बी कसं नीट घडवून बोललो. सगळे उस्तादकडं पाहाले लागले. त्यानं बशी खाली ठेवली. जरा वेळ माह्याकडं पाहत राह्यला. मंग म्हने, हाव भाऊ, माहीच चूक झाली, नजर गेली आता. पवनचा बाप म्हने, चाचा, आता घरी बसत जा. उस्ताद उठला, टोपी नीट केली आन गेला. तवापासून गॅरेजात पाय नाई ठेवला. रोडवर लोकं बोलत, म्हाताऱ्याचा हात गेला, सिद्धार्थ होता म्हनून गॅरेज टिकलं. मी ते ऐकून घेत राह्यलो. एकदा तर हाव बी म्हनलो.

आठ महिने असा जगलो. मंग मागल्या महिन्यात उस्तादच्या घरी गेलो. खाला, म्हनजे त्याची बायको, लसून सोलत होती. मी त्याचे पाय धरले आन रडलो, सगळं ओकलो. तो म्हने, मले माहीत हाय बेटा, लहाना टर्बो टेबलावर तसाच होता ना. मी म्हनलो मंग तवाच काऊन नाई बोलले तुमी? म्हने, मले वाटलं तू बोलशीन. म्हनून मी जरा थांबलो बी. मी म्हनलो माफ करा. म्हने, केलं. पन हे हितं काऊन सांगतं? हितं तुही खाला आन मी, आमाले माहीतच हाय. पवनच्या मायले सांग जा, हात तिचा मोडला.

गेलो. चिखलीले गेलो. पवनच्या मायनंच दरवाजा उघडला. पवन नव्हता, बाप दुकानात होता. तिनं पानी आनलं, उजव्या हाताले वजन पेलत नाई म्हनून डाव्या हातानं गिलास देल्ला, आन डावा देते भाऊ, राग मानू नका, म्हनली. मी तोंड उघडनार तर तीच म्हने, त्या चाचाले सांगजा भाऊ, माह्या मनात काई नाई, म्हातारा मानूस, होते चूक. त्याच्या जिवाले लागलं असन. मी पानी पेलो. म्हनलो, सांगतो काकू. आन उठून आलो.

आता तुमी इतकं विचारलं म्हनून बोललो. तुमी पुन्याचे, लिहून घेऊन जासान, तुमच्यापाशी बोलाले काय लागते. उस्तादकडं मी दर शुक्रवारी जातो, खालाले दळन आनून देतो. पहिल्याच शुक्रवारी त्यानं विचारलं, गेलता का रे चिखलीले? मी म्हनलो, हाव, गेलतो. भेटली का ती? हाव, भेटली. काय म्हने? म्हने, माह्या मनात काई नाई. उस्तादचे डोळे भरून आले, त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला आन म्हने, खुश रह बेटा. आता दर शुक्रवारी तसाच हात ठेवते.