हँडल थरथरतं तेव्हा

मेंदू आणि मणक्याच्या डॉक्टरांकडे मास्तरीणबाई नंबरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक पन्नाशीचा माणूस आणि त्याची धाकटी बहीण येऊन बसली.

"दादा, एक सांगू? ओरडणार नाहीस ना?"

"इथं काय ओरडतोय!"

"रविवारी दुपारी तू झोपला होतास, तेव्हा मी तुझी मोटरसायकल काढली."

"ती जुनी? अगं, पुढची काच, बाजूच्या पेट्या, मागची सीट, सगळं उतरवलं तरी धूड आहे ते!"

"मला आवरली. पार नदीपर्यंत जाऊन आले. पण येताना वेग चाळीसवर आणला आणि हँडल असं थरथरायला लागलं, जीव मुठीत धरूनच घर गाठलं."

"काय म्हणालीस?"

"चुकलं माझं."

"ते राहू दे. तुझ्या हातातही थरथरलं?"

"हो ना. गॅरेजवाला म्हणाला, हँडलचा कोनसेट, आतलं बेअरिंग, पार झिजलंय. तुला कसं कळलं नाही?"

"मला वाटलं, माझाच हात थरथरतोय."

"म्हणून आलोय आपण इथं? मला तर पाठदुखी म्हणालास!"

"बाबांचा कंपवातही असाच सुरू झाला होता ना गं."

"अरे दादा... घरात कधी थरथरला हात?"

"छे! काल शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा शिवलं. पण महिनाभर रात्री डोळ्याला डोळा नाही बघ माझ्या."

"आता आलोच आहोत, तर दाखवून घे."

"दाखवतो की. नदीच्या वळणावर कशी वळली?"

"झकास!"

"वळणारच!"

तेवढ्यात त्याच्या हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर पुकारला गेला.

"अहो, तुमचा नंबर," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही जा आधी, बाई. आम्हाला काही घाई नाही."