छत्री कुणी फिरवली नव्हती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख तातेरावअण्णा, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती, मुलींच्या वसतिगृहाचे गृहपाल रामप्रसाद सर, समोर बसलेले शिक्षक, पालक, विद्यार्थिनी, आणि सकाळपासून या खुर्च्या मांडून आता दारापाशी उभे असलेले शिपाई पुंजारामदादा, सर्वांना माझा नमस्कार.

मी अर्पिता शेजूळ. संस्थेच्याच आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. संयोजकांनी मला सांगितलं, सरांच्या तंत्रज्ञानप्रेमाविषयी दोन शब्द बोल. विषय मी निवडलेला नाही. पण दिलेला विषय सोडून बोलण्याची मला सवय नाही.

सरांच्या तंत्रज्ञानप्रेमाचा अनुभव मला याच महिन्यात, बारा तारखेला आला. वसतिगृहातल्या टीव्हीवर दहावीच्या मुली गणिताचे आणि विज्ञानाचे पाठ बघतात. तीन आठवडे चित्र अडकत होतं, चेहऱ्यांचे चौकोन होत होते, आवाज तुटत होता. मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा सर जिन्यातच उभे होते.

"पोरी, वर जायची गरज न्हाई," सर म्हणाले. "कारण मला माहीत हाये. पुंजारामनं गच्चीवरली टीव्हीची छत्री फिरवली. खंडेनवमीला आपण छत्रीची पूजा केली, तव्हा त्यानं हातबी जोडले न्हाईत. ते लोक मानतच न्हाईत ना."

‘ते लोक’ म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. या सभागृहातही कुणाला विचारावं लागणार नाही.

मी एवढंच म्हटलं, "सर, मी बघून येते."

आता पाच मिनिटं कामाचं बोलते. टीव्हीवर सिग्नलचे दोन आकडे दिसतात. एक ताकद, दुसरा गुणवत्ता. ताकद होती अठ्ठ्याहत्तर. गुणवत्ता चौदा, तीही खालीवर होत होती. म्हणजे तारेतून काहीतरी येत होतं, पण कामाचं येत नव्हतं. मी तार तपासली. जोड उघडले. आतलं तांबं स्वच्छ होतं. मग गच्चीवर गेले. छत्री टाकीच्या भिंतीवर उंच बसवलेली आहे, शिडी लागते. शिडी पुंजारामदादांनी धरली.

छत्री फिरवायची तर तिच्या मागचे चार नट सैल करावे लागतात. बसवणाऱ्याने दोन वर्षांपूर्वी त्या नटांवर रंग मारला होता. नट आणि पत्रा यांच्यावरून गेलेला तो रंगाचा थर चारही ठिकाणी अखंड होता. एक भेगसुद्धा नव्हती. याचा अर्थ एकच होतो. छत्री बसवल्या दिवसापासून तिला कुणी फिरवलं नव्हतं. पुंजारामदादांनी नाही, वाऱ्याने नाही, माकडांनीही नाही.

मग बिघाड कुठे होता? छत्रीच्या समोर दांड्यावर एक छोटा डबा असतो. त्याला आम्ही एलएनबी म्हणतो. छत्री जे गोळा करते ते त्याच्या तोंडात जातं. त्या तोंडावर प्लास्टिकचं झाकण असतं, कारण आत पाण्याचा थेंबही चालत नाही. त्या झाकणाला तांदळाच्या दाण्याएवढं भोक होतं. कडा वितळलेल्या. भोवती कुंकू. डब्याच्या मानेला वाळलेल्या झेंडूचा हार, आणि हारात खोचलेली उदबत्तीची काडी, जळून अर्धी राहिलेली. उदबत्ती जळत खाली आली आणि तिने झाकणाला भोक पाडलं. चार दिवसांनी पाऊस झाला. मी डबा उलटा केला तेव्हा त्यातून चमचाभर पाणी निघालं.

मस्तगडच्या दुकानातून नवीन एलएनबी आणला, बसवला. गुणवत्ता एक्काहत्तर. त्या संध्याकाळी मुलींनी पूर्ण तास पाहिला.

आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. माझ्या आयटीआयमध्येही होते. माझी त्याला हरकत नाही. आम्ही फक्त उदबत्ती यंत्रापासून लांब लावतो.

खाली उतरल्यावर मी पुंजारामदादांना विचारलं, "दादा, पूजेच्या दिवशी तुम्ही हात का नाही जोडले?"

ते म्हणाले, "मॅडम, सर शिडीवर व्हते. शिडी मी धरली व्हती. हात जोडले असते तर सर कुठं असते?"

स्वयंपाकघराच्या दारातून झुंबरबाई म्हणाल्या, "जोडायचे व्हते एकदा. आमाला बी दोन दिस सुट्टी भेटली असती."

हसा. मीही तेव्हा हसले होते. कारण मला वाटलं होतं, प्रकरण संपलं. मी एक पानाचा अहवाल लिहून सरांना दिला. सर म्हणाले, "झकास लिव्हलंस. फाईलला लावतो."

लावला. मी पाहिला आहे. पण त्याच फाईलमध्ये त्याच्या आधीचं पानही तसंच आहे. सरांच्या सहीचं. त्यावर लिहिलंय, ‘पुंजाराम यांनी छत्रीची दिशा जाणूनबुजून बदलून मुलींचे नुकसान केले. करार वाढवू नये.’ पुंजारामदादा सात वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. त्यांचा करार आज संपतो. नवीन गृहपाल मॅडमना मी काल भेटले. त्या म्हणाल्या, "आधीच्या साहेबांचा शेरा मी कसा खोडू? तो त्यांनीच मागे घ्यायला पाहिजे."

मागून आवाज येतोय, "विषयावर या." विषयावरच आहे. सरांचं तंत्रज्ञानप्रेम.

आपल्या सगळ्यांना दारात सरांचा गौरवअंक मिळाला आहे. कृपया पान अकरा उघडा. खाली ओळ आहे, ‘आधुनिक साधनांचे पूजन करताना गृहपाल.’ सर शिडीवर आहेत. हार घातलेला आहे. उदबत्ती सरांच्या हातात आहे आणि सर ती हारात खोचताहेत, अगदी झाकणाला लागून. फोटो उत्तम आला आहे. खालच्या कडेला बघा. शिडीला धरलेले दोन हात दिसतात. माणूस कापला गेलाय, हात राहिले आहेत.

सर, आपण उठू नका. सत्काराची शाल अजून खांद्यावर आहे.

आपण चुकीने उदबत्ती तिथे खोचली, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चूक कुणाचीही होते, आणि ती साडेचारशे रुपयांत दुरुस्त झाली. पण अहवाल वाचल्यानंतरही आपण शेरा तसाच ठेवला. ती चूक नव्हे. त्याला काय म्हणतात ते मी आज, आपल्या सत्काराच्या दिवशी, बोलणार नाही.

मी हा कागद आणला आहे. दोनच ओळी आहेत. ‘तांत्रिक तपासणीत छत्रीची दिशा बदललेली आढळली नाही. माझा पूर्वीचा शेरा मी मागे घेत आहे.’ खाली सहीला जागा आहे.

"नंतर बघू," असं सर म्हणताहेत. सर, पावणेसहाला कार्यालय बंद होतं. नंतर आपण गृहपाल नसाल. नंतरची सही चालत नाही.

नाही, माईक मी देणार नाही. अजून आभार राहिले आहेत.

अण्णा म्हणताहेत, "रामप्रसाद, करून टाका सही, पोरीला खाली बसू द्या." बसते, अण्णा. सही झाली की लगेच.

हा पेन घ्या, सर. इथे. तारीख पण घाला. आजची. वेळ मी लिहिते. पाच वाजून वीस मिनिटं.

धन्यवाद. पुंजारामदादा, पुढे या. खुर्च्यांमधूनच या, कुणी काही म्हणणार नाही. ही तुमची प्रत. आधी वाचा, मग घडी घाला. मूळ कागद मी नवीन गृहपाल मॅडमच्या हातात देते आहे, सगळ्यांसमोर.

रामप्रसाद सरांना निरोगी निवृत्तीच्या शुभेच्छा. मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांची, आणि एवढा वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांची मी आभारी आहे. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर वयाने लहान समजून क्षमा करावी. अहवालात चूक असेल तर मात्र क्षमा करू नये. ती मला दाखवून द्यावी. शिडी अजून गच्चीवरच आहे.