मांजरीला भेटायला

"मांजर ही स्वार्थी जात. तिच्यासाठी माणसानं जीव टाकू नये," असं खुशालरावांनी राजापेठेतल्या जनावरांच्या दवाखान्यात सर्वांना ऐकू जाईल अशा बेतानं जाहीर केलं. मांजर त्यांच्याच मांडीवर, त्यांच्या सत्काराच्या शालीत गुंडाळलेली होती. शेजारी त्यांच्या पत्नी आशाबाई बसल्या होत्या. माझा नंबर दूर होता.

"मंग खाली ठेवा तिले."

"फरशी थंडी आहे. पोटाचे टाके उसवले तिचे."

"कावून उसवले, ते सांगा डॉक्टरले."

"पाहुण्यायनं उसवले."

"बोलावले कोनं? अंजनगावच्या बहिणीले फोन कोनं केला?"

"ऑपरेशन झालं त कळवा लागते. मागून नावं ठेवतात."

"डॉक्टर म्हणे, बंद खोलीत निवांत ठेवा. तुमी बैठकीत गादी टाकली, भोवती खुर्च्या मांडल्या. सात जण आले, केळी घेऊन."

"रीत आहे."

"अन् प्रत्येकानं सांगतलं, पोटाच्या ऑपरेशननं आपलं कोण कोण गेलं."

"ते मले सांगत होते. तिले काय समजते?"

"मंग कपाटावर कावून चढली ते?"

खुशालराव बराच वेळ शालीची घडी सारखी करत राहिले.

"बरी होईन ना ती?"

"होईन. पण आता कोणाले बोलावू नका."

"नाही बोलावत. तू फक्त एक फोन कर. अकोल्याचे व्याही तिले भेटाले निघाले, त्यायनं आता मूर्तिजापूर सोडलं असन. मले नाही म्हणता येत नाही."